दस्तगीरमामांची बंद गाडी

दस्तगीरमामांना त्यांच्या गाडीवर बसलेलं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते गाडी हातानं न्यायचे. अंगात पांढरा सदरा, डोक्याला जाळीची टोपी, दोन्ही हात हँडलवर आणि ओठ हलतायत, म्हणजे गाडीशी काहीतरी बोलणं चाललेलं. गाडी विजेवरची, निळी, जाहिरातीत वाऱ्याबरोबर उडताना दाखवलेली. सांगलीच्या पेठेतून मात्र ती माणसाच्या चालीनं जायची. मागून रिक्षावाले हॉर्न द्यायचे. मामा बाजूला होऊन वाट द्यायचे आणि वर म्हणायचे, "जावा, निवांत जावा." घाईतल्या माणसाला निवांत जा म्हणणारा अख्ख्या गावात हा एकच असावा.

गाडीच्या सीटवर त्यांनी स्वतः शिवलेली बोटभर जाडीची गादी होती. गाडी दारात लागली की तिच्यावर फुलाफुलांची खोळ चढायची. मामांचा धंदाच तो. पिढीजात पिंजारी. पूल ओलांडून पेठेकडं वळलं की उजव्या हाताला त्यांचं गाद्यांचं दुकान, त्याच्या मागंच घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी फलटणला दिलेली. दुकानात कापसाचे ढीग, कापूस पिंजायचं जुनं यंत्र, भिंतीला टेकून उभ्या गाद्या आणि पुढं रस्त्याला लागून एक लांब लाकडी फळी. फळीवर कायम एक पातळ गादी अंथरलेली असायची. येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं म्हणून.

मी भूमिती शिकवते आणि स्वभावानं तापट आहे. दोन्ही गोष्टी माझ्या शाळेतली मुलं शपथेवर सांगतील. राहते नदीपलीकडं सांगलीवाडीत, शाळा गावात. माझ्याकडं मामांच्यासारखीच गाडी होती, फक्त लाल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ते कुठं घेणार नाही अशी सही मी तडजोडीच्या कागदावर करून बसले आहे.

त्या गाडीत दोष एकच होता आणि तो सगळ्यांच्या गाड्यांत सारखा होता. थोडं अंतर चाललं की बॅटरी तापायची, समोरचा पडदा काळा व्हायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. तासभर उभी केली, गार झाली, की काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा चालू. पुलाचा चढ तिला सोसायचा नाही. त्यामुळं नदीपलीकडून येणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या गाड्यांना शेवटची घरघर लागायची ती नेमकी मामांच्या दुकानासमोर.

पहिल्यांदा माझी गाडी तिथं बंद पडली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून तिला लाथ मारली होती. फळीवरून आवाज आला, "आवं बाई, मारू नका तिला. दम खाऊ द्या."

मी म्हटलं, "माझा पहिला तास आहे. वर्ग वाट बघतोय."

"मग वर्गालाबी दम खाऊ द्या की," मामा म्हणाले. "पोरास्नी एक दिस तरास न्हाई दिला तर चालतंय. बसा वाईच."

मी बसले, कारण दुसरा इलाज नव्हता. बसले ती कधी झोपले ते कळलं नाही. जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा माझ्या पायांवर आला होता आणि त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली पडायची त्यांना काही निकड नव्हती. बाजाराकडून हळदीचा उग्र वास येत होता, नदीचा वारा त्यात मिसळत होता आणि रस्त्यावरचे हॉर्न फार लांबून, कुठल्यातरी दुसऱ्याच गावातून आल्यासारखे वाटत होते. समोर मामा दाभणानं गादीला टाके घालत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय सपान पडलं?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दुसरा माणूस तब्येत विचारतो तसं मामा स्वप्न विचारायचे. पोस्टमनला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे. सगळी स्वप्नं कापसातून येतात असं त्यांचं ठाम मत होतं. ज्या कापसावर माणूस वर्षानुवर्षं झोपतो त्यात त्याची स्वप्नं मुरतात. कापूस बदलला की दुसऱ्याची स्वप्नं पडायला लागतात. एकदा म्हणे दोन घरच्या गाद्यांच्या कापसाची चुकून अदलाबदल झाली, तर एका वाण्याला रोज उसाला पाणी पाजायची स्वप्नं पडायला लागली आणि दुसऱ्या घरच्या शेतकऱ्याला तराजूची. "शेवटी दोघंबी आलं गाद्या घिऊन. परत भरून दिल्या. मग निवांत झोपलं," मामा सांगायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर गमतीची एक रेषही नसायची.

म्हणूनच पूर्वी गादी पिंजायला टाकली की घरातलं एक माणूस दिवसभर दुकानात बसून राहायचं, आपलाच कापूस परत भरला जातोय का ते बघायला. कुणी आजोबा, कुणी नवी सून, कुणी शाळा बुडवलेलं पोरगं. लग्नसराईच्या आधी तर फळीवर जागा मिळायची नाही. आता फोमच्या गाद्या आल्या. त्या पिंजाव्या लागत नाहीत, त्यांच्यापाशी कुणाला बसावं लागत नाही. फोमचं नाव काढलं की मामा मान हलवायचे. "फोमवर झोपनाऱ्याला सपान पडत न्हाई, बाई. निस्ती झोप लागती."

"तुम्हाला काय स्वप्न पडतं, मामा?" मी एकदा विचारलं.

"मी फळीवर झोपतो," ते म्हणाले. "गादी हाय खरं. पर एकट्याला कशाला?"

हळूहळू फळीवरची गर्दी वाढली. बंद पडणाऱ्या गाड्यांचे मालक रोज सकाळी तिथं भेटायला लागले. त्यात सुभेदार जाधव होते, फौजेतून निवृत्त, मिशा पिळलेल्या, नदीपलीकडं ऊस असलेले. "बर्फात ट्रक चलवलं मी, कवा रुकलो न्हाई, आन हे खेळणं मला पुलावर हँड्स अप करायला लावतंय," हे त्यांचं रोजचं वाक्य. शिंदे वकील होते, बारीक आवाजाचे, कोर्टाला उशीर झाला म्हणून फळीवरूनच फोनवर पुढची तारीख मागणारे. सगळ्यांना चहा मामांचा. गाडी गार होईपर्यंत घरदार, पिकंपाणी, पोरांची लग्नं सगळं बोलून व्हायचं. माझा तापटपणा कमी झाल्याची तक्रार वर्गात ऐकू यायला लागली.

आणि आमच्या सगळ्यांत वाईट अवस्था मामांच्या गाडीची. आमच्या निदान अर्ध्या वाटेपर्यंत यायच्या, मामांची तर चालताना कुणी पाहिलीच नव्हती. रोज सकाळी गाडी चालते का बघायला म्हणून ते पुलावर जायचे आणि तिथून ती ढकलत यायचे, आमच्यातला जो कुणी बंद गाडी ढकलत असेल त्याच्या पावलाला पाऊल जुळवत. सुभेदार दोनदा म्हणाले, जरा बघू द्या, मी मेकॅनिकचं काम केलंय. मामांनी खोळ सारखी केली आणि म्हणाले, "नगा. हात लावला की लय रुसती."

शेवटी शिंदे वकिलांनी ग्राहक आयोगात सगळ्यांची मिळून एक तक्रार घालायचं ठरवलं. एकाच कंपनीची, एकाच दोषाची गाडी असलेले सगळे एकत्र येऊन लढू शकतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. तक्रारदारांत पहिलं नाव कुणाचं, यावर वाद झालाच नाही. ज्याची गाडी एक दिवसही चालली नाही त्याचंच. दस्तगीर पिंजारी आणि इतर.

तारखेचा दिवस म्हणजे आमची सहल असायची. मामा भडंगाचा डबा घ्यायचे आणि बसायला एक गादी गुंडाळून काखेत मारायचे, कारण आयोगाच्या व्हरांड्यातली बाकडी त्यांना मान्य नव्हती. एकदा त्यांनी कंपनीच्या वकिलाला बराच वेळ न्याहाळलं आणि आपुलकीनं विचारलं, "सायेब, तुमी फोमवर झोपतासा न्हवं?" तो बिचारा हो म्हणाला. मामांनी त्याच्या हातावर मूठभर भडंग ठेवलं.

कंपनी तडजोडीला तयार झाली तेव्हा सगळ्यांत मोठा अडथळा मामाच निघाले. पहिल्यांदा कंपनी म्हणाली, बॅटरी बदलून देतो. मामा म्हणाले, "घाई कशापायी? दम खाऊ द्या." मग कंपनी म्हणाली, बॅटरी आणि वर काही वर्षांची हमी. मामा म्हणाले, दम खाऊ द्या. पहिल्या तक्रारदाराची सही मिळेना म्हटल्यावर कंपनीचा धीर सुटला आणि जुन्या गाड्या परत घेऊन सगळ्यांना नव्या, सुधारलेल्या गाड्या द्यायला ती कबूल झाली. सुभेदारांनी मामांची पाठ थोपटली. "दुश्मनाला थकवून मारलं गड्या तुमी." मामा हसले नाहीत. मला तेव्हा तो मुरब्बीपणा वाटला.

कंपनीनं अट एक घातली. शिरवळच्या कारखान्यातून त्यांचा इंजिनिअर येईल आणि सही करण्याआधी प्रत्येक गाडी चालवून बघेल. शिंदे वकिलांनी फळीवर बसून आम्हाला नीट सांगितलं, "दोष सगळ्या गाड्यांत आहे, यावर आपली अख्खी तक्रार उभी आहे. तपासणीत एक जरी गाडी चांगली निघाली तर कंपनी म्हणेल, हे लोक खोटं बोलतायत, तडजोड रद्द. कुणाची गाडी चांगली असेल तर त्याआधी सांगा. नाव काढून टाकू, बाकीच्यांना धक्का लागणार नाही."

आम्ही सगळे खळखळून हसलो. चांगली गाडी आणि आमच्यात? मामा चहा ओतत होते. कप भरून चहा बशीत आला, बशीतून गादीवर सांडला, तरी ते ओतत राहिले.

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाड्या घेऊन दुकानासमोर जमलो. दुकान बंद होतं. ते बंद असलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. फळीवर गादी नव्हती. इंजिनिअर अजून यायचा होता. आभाळ भरून आलं होतं, उजेड दुधासारखा पांढुरका होता आणि नदीकडून हळू वारा येत होता.

पुलाकडून एक निळी गाडी आली. आवाज न करता आली. वर पांढरा सदरा, वाऱ्यानं पाठीवर फुगलेला, जाळीची टोपी, ताठ बसलेला माणूस. मला क्षणभर वाटलं, आपण अजून झोपेत आहोत आणि हे दुसऱ्या कुणाच्या तरी कापसातलं स्वप्न आहे. मामा आमच्यासमोरून तसेच पुढं गेले, पेठेच्या कोपऱ्यावर सफाईनं वळले, परत आले आणि आमच्यापुढं थांबले. गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाचं ते वळण होतं.

"माझी गाडी चांगली हाय," ते म्हणाले. "पहिल्यापास्नं."

सुभेदार पुढं झाले. "मग रोज ढकलत का आनत हुतासा?"

मामांनी गाडीवरून उतरून टोपी नीट केली. "पयल्यांदा ढकलत आनली त्या दिशी पंक्चर झाली हुती. फुडच्या चाकाची. पुलावर तुमी समदी भेटलासा, आपापल्या गाड्या ढकलत. मी पंक्चर म्हनायच्या आत सुबेदार म्हनलं, या, तुमीबी आमच्यातलंच. मग पंक्चर हाय म्हनायचं धाडस झालं न्हाई." त्यांनी बंद दुकानाकडं पाहिलं. "पूर्वी एका गादीमागं घरातलं एक मानूस दिसभर बसायचं. माझ्यावर इस्वास नसायचा म्हनून बसायचं. पर बसायचं. किती वर्सं झाली, कोन बसलं न्हवतं."

मला आधी राग आला, मग मी उगाच माझ्या गाडीचा आरसा पुसायला लागले. शिंदे वकिलांनी कागद काढला, मामांनी त्यावर सही केली. पहिलं नाव गेलं. आता नव्या गाडीवर त्यांचा हक्क राहिला नव्हता, आणि सुभेदार त्यांच्याकडं पाठ करून उभे होते.

इंजिनिअर आला. ती तपासणी आठवली की अजून हसू येतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही सगळे गाडी बंद पडावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होतो. हवा गार, त्यात सुभेदारांची गाडी नेमकी त्याच दिवशी शहाण्यासारखी वागायला लागली. इंजिनिअर पूल ओलांडून गेला, परत आला, पुन्हा गेला. सुभेदार रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला दबक्या आवाजात शिव्या देत होते. अखेर ती आली आणि दुकानासमोर, आपल्या नेहमीच्या जागी, पडदा काळा करून थांबली. फौजेत विजय झाल्यावर करतात तसा सुभेदारांनी हात वर केला. संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळ्या गाड्या बंद पडल्या. मामांनी दुकान उघडून चहा केला होता. सगळ्यांनी घेतला. सुभेदारांचा कप मात्र फळीवर तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

नव्या गाड्या आल्या. जुन्या गाड्या ट्रकमध्ये घालून शिरवळला गेल्या. नवी गाडी खरोखर चांगली निघाली. पूल ती हूं की चूं न करता चढते. मी शाळेत वेळेच्या आधी पोचायला लागले आणि रिकाम्या शिक्षकखोलीत पंख्याकडं बघत बसायला लागले. वर्गात माझा आवाज पुन्हा चढला. दुकानावरून जाताना मी हात करायची, मामा दाभण धरलेला हात वर करायचे, आणि तेवढ्यात मी पुढं गेलेली असायची. नव्या गाडीचा वेगच तेवढा होता.

मग एका सकाळी पुलावर मामा दिसले. गाडी ढकलत चालले होते. निळी गाडी, सीटवर गादी, ओठ हलतायत. गाडी धडधाकट आहे हे आता अख्ख्या पेठेला माहीत होतं, त्यांनाही ते माहीत होतं, तरी ते पुलाच्या कडेनं हळूहळू चालत होते, आणि मागून कुठली गाडी आली की मान वळवून बघत होते, ती थांबते का म्हणून. माझी थांबली नाही. दिवसभर मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. वर्तुळच असणार, कारण फळ्यावर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी पूल उतरल्यावर मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि ढकलत निघाले. नवी गाडी जड असते, जुन्यापेक्षा जास्त. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मी त्याला निवांत जा म्हटलं.

दुकानासमोर आधीच एक नवी कोरी गाडी उभी होती आणि फळीवर सुभेदार जाधव बसले होते, पाठ ताठ, मिशा पिळलेल्या. मला बघून त्यांनी नजर नदीकडं वळवली. "बंद पडली," ते म्हणाले. "सालं हे नवं मॉडेलबी तसलंच." त्यांच्या हातात चहाचा कप होता, अर्धा प्यालेला.

"माझीही," मी म्हटलं.

मामा आतून आले. खांद्यावर, भुवयांवर कापूस होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. वाकून त्यांनी बॅटरीच्या जागेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. सकाळची वेळ, एवढ्याशा वाटेनं तिला काय होतंय, गाडी नदीच्या दगडासारखी गार होती. ते त्यांना कळलंच असणार.

"लय तापलीया," मामा म्हणाले. "दम खाऊ द्या हिला. दुपार हुईल."

ते चहा टाकायला आत गेले. मी चपला काढल्या आणि फळीवर, सुभेदारांच्या शेजारी, गादीवर पाय वर घेऊन बसले.